सातारा-सांगलीच्या उन्हाला कुठलं सनस्क्रीन पुरतं?

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेत मोठ्या मेडिकलमध्ये आज सनस्क्रीनला वेगळा कप्पा असतो. जेल, क्रीम, लोशन, स्टिक, स्प्रे, रंगाचं, बिनरंगाचं. खोक्यावर एसपीएफ (भाजणारं ऊन किती अडतं त्याचा आकडा) ५०, कुठे ५०+, पीएपुढे तीन अधिक, कुठे चार अधिक. गिऱ्हाईक आकडा बघून नळी उचलतं, घरी जाऊन वाटाण्याएवढा थेंब तोंडभर पसरतं, आणि दोन महिन्यांनी "काही फरक पडला नाही" म्हणून दुसरी नळी आणतं.

म्हणून हे परीक्षण ब्रँडच्या नावांचं नाही. एकाच कंपनीच्या जेलमध्ये आणि क्रीममध्ये पूर्ण वेगळा माल असतो, आणि नाव तेच ठेवून आतले घटक बदललेलेही सापडतात. इथे प्रकार तोलले आहेत आणि प्रत्येकाला कसोटी एकच लावली आहे: पूर्ण मात्रेत लावलं तर ते चेहऱ्यावर सोसवतं का?

पूर्ण मात्रा म्हणजे किती, ते आधी नीट बघू. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम माल लावतात. चेहरा आणि मान मिळून हे साधारण एक ते सव्वा ग्रॅम भरतं. घरात मोजायची सोपी रीत अशी: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक सलग पट्टी काढायची. त्या दोन पट्ट्या म्हणजे एका वेळचा चेहरा आणि मान. बहुतेक लोक याच्या पाव ते निम्मंच लावतात. निम्मी मात्रा लावली की खोक्यावरचा ५० चेहऱ्यावर पंचवीसच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. पूर्ण मात्रेत एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांतला कातडी भाजणारा भाग, अडवतं आणि ५० साधारण ९८ टक्के. म्हणजे ३० आणि ५० यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याहून कितीतरी मोठं अंतर एक बोट आणि दोन बोटं यांच्यात आहे.

आता पैशाचा हिशेब. ५० ग्रॅमची नळी ४५० रुपयांना पडली तर ग्रॅमला ९ रुपये. सकाळी सव्वा ग्रॅम आणि दुपारी सव्वा ग्रॅम लावलं तर दिवसाला अडीच ग्रॅम, साडेबावीस रुपये, आणि नळी वीस दिवसांत संपते. सकाळी एकदाच लावणाऱ्याला ती चाळीस दिवस पुरते. तीच नळी घरात चार महिने चालत असेल तर ती लावली जात नाही, नुसती दाखवली जाते. ग्रॅममागचा भाव परवडणारा नसेल तर कमी लावण्यापेक्षा स्वस्त नळी घेऊन पूर्ण लावावी. महाग नळी चाटूनपुसून लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्या भागातलं ऊन कसं आहे, तेही बघायला हवं. सांगली-सातारा साधारण १७ ते पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर येतात. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ढगांच्या आड पुन्हा एकदा येतो. घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह असं आपल्याकडे होत नाही. उन्हाळ्यात सूर्य सर्वांत उंच असतो तो साडेबाराच्या सुमाराला. म्हणून "अकराच्या आत कामं उरकली आणि दोनला बाहेर पडलो" यात दोनचं ऊन साडेदहाच्या उन्हापेक्षा कमी असेल, असं धरून चालू नये. खरी खूण आपली सावली. सावली उंचीपेक्षा आखूड दिसली की यूव्ही कडक आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी चालतं.

उंचीचा हिशेबही आहेच. दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं. कास पठार बाराशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर त्याहूनही वर. हवा गार असते, अंगाला चटका जाणवत नाही, आणि लोक यवतेश्वरचा घाट चढून कासला फुलं बघायला जातात ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवशी, उघड्या डोक्याने. ढग पातळ असले तर त्यातून बरंच यूव्ही खाली येतं. तीन तास पठारावर फिरून आल्यावर नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या जळजळतात, त्याचं कारण हेच. जत-आटपाडीकडे उलटं. तिथे उकाडाच इतका असतो की माणूस आपणहून सावली धरतो.

जेलपासून सुरुवात करू, कारण खप त्याचाच जास्त. तेलकट चेहऱ्याच्या कॉलेजच्या मुलांना, पुटकुळ्या येणाऱ्यांना आणि दाढी राखणाऱ्यांना जेल बरं पडतं. दाढीच्या केसांत पांढरं अडकून राहत नाही. दोन बोटं लावली तरी पाचेक मिनिटांत जिरतं. पण तीन ठिकाणी अडचण येते. बऱ्याच जेलमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे ताज्या दाढीवर आणि कोरड्या त्वचेवर चुणचुणतं. दुसरं म्हणजे घाम. हेल्मेटखालून घाम भुवईवर उतरला की त्याच्याबरोबर रासायनिक फिल्टर (यूव्ही शोषणारे घटक) डोळ्यात जातात आणि गाडी चालवताना डोळा उघडवत नाही. यावर उपाय असा की कपाळाचा भुवईलगतचा पट्टा आणि डोळ्यांभोवतीचा भाग जेलने न लावता खनिज स्टिकने लावायचा. तिसरं म्हणजे गोळे सुटणं. आत पाणीदार सिरम, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर लगेच सिलिकॉनचं जेल असं केलं आणि वर चोळलं की रबर खोडल्यासारखे बारीक गोळे निघतात. थरांची संख्या कमी करा, प्रत्येक थराला तीन-चार मिनिटं द्या, आणि शेवटचा थर चोळू नका, तळव्याने दाबत बसवा. दोन बोटं एकदम बसत नसतील तर आधी एक, पाच मिनिटांनी दुसरं. गोळे सुटले त्या जागी संरक्षण गेलं असं समजून तिथे पुन्हा लावायचं.

खनिज सनस्क्रीन म्हणजे झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा दोन्ही. लहान मुलांना, नाजूक त्वचेला, गरोदरपणात आणि नुकतंच पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं) किंवा लेझर झालेल्या चेहऱ्याला हाच प्रकार पहिला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सनस्क्रीन नको, सावली आणि कपडा. याची खोड एकच, पण मोठी: आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ते राखाडी-पांढरं दिसतं. दुकानात मनगटावर एक ठिपका लावून ते कळत नाही. दोन बोटांच्या मात्रेत, दहा मिनिटांनी, बाहेरच्या उजेडात बघितलं की जबड्याच्या कडेला राखेचा पट्टा दिसतो. लग्नाच्या फोटोत फ्लॅश पडला की तो आणखी उठतो. मग माणूस मात्रा कमी करतो, आणि चांगला माल वाया जातो. त्यामुळे पांढरं, बिनरंगाचं खनिज सनस्क्रीन आमच्या कसोटीत रोजच्या वापरासाठी मागे पडतं. लहान मुलांसाठी आणि उपचारानंतरच्या दहा-पंधरा दिवसांसाठी मात्र त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं नाही.

आता रंगाचं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे त्याची सर्वांत जास्त गरज आहे आणि विक्री सर्वांत कमी.

गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी डाग पसरतात, त्याला आपण वांग म्हणतो. बाळंतपणानंतर, संप्रेरकांच्या गोळ्यांवर, किंवा काही कारण न सापडताही ते येतं, आणि उन्हाने वाढतं. यात एक गोष्ट अशी की सावळ्या त्वचेत नुसत्या यूव्हीनेच रंग चढत नाही, डोळ्याला दिसणारा सूर्यप्रकाशही रंग चढवतो. साध्या एसपीएफ ५० ला तो प्रकाश दिसतच नाही असं म्हटलं तरी चालेल, कारण एसपीएफ मोजताना तो धरलेलाच नसतो. तो अडवायला लोहाचे ऑक्साइड लागतात, तांबडा, पिवळा आणि काळा. टिंटेड सनस्क्रीनला रंग येतो तो यांच्यामुळेच, म्हणजे इथे रंग हीच संरक्षणाची वस्तू आहे. नळीच्या मागे घटकांत "आयर्न ऑक्साइड्स" किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधायचे. ते असले तर घ्यायचं. नुसता गुलाबी छटेचा रंग आणि हे आकडे नाहीत, तर ते वांगासाठी कामाचं नाही. सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. त्याने पांढरेपणा येतो, त्याला लोहाची जागा देऊ नये.

छटा निवडताना गालावर किंवा हातावर नाही, जबड्याच्या हाडावर पट्टी ओढायची, कारण चेहरा आणि मान यांचा रंग तिथे भेटतो. मग दुकानाच्या ट्यूबलाइटमधून बाहेर रस्त्यावर येऊन बघायचं. पट्टी गुलाबीसर दिसली तर छटा चुकली, राखाडी दिसली तर खूप फिकी. बऱ्याच कंपन्या एकच छटा विकतात आणि ती सावळ्या चेहऱ्यावर बसत नाही. तशा वेळी दुसरा रस्ता आहे: साधं सनस्क्रीन दोन बोटं लावायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि त्यावर आपल्या रंगाचं फाउंडेशन किंवा कॉम्पॅक्ट दाबून बसवायचं. बहुतेकांत लोहाचे ऑक्साइड असतातच. पण दोन्ही तळहातावर कालवून एकदम लावू नका. सनस्क्रीनचा थर सलग बसण्यासाठी तयार केलेला असतो. त्यात दुसरं काही मिसळलं की तो तुटतो.

टिंटेडचा त्रास म्हणजे ते लागतं. स्कार्फला, मास्कला, ब्लाउजच्या गळ्याला. दहा मिनिटं सुकू दिलं आणि मग एक कागदी रुमाल चेहऱ्यावर नुसता दाबून उचलला, पुसला नाही, तर निम्मा त्रास जातो. कुंकू लावणाऱ्यांनी ते सगळं सुकल्यावर लावावं, नाहीतर ओल्या थरात कुंकू पसरतं आणि कपाळ पुसताना सनस्क्रीनही जातं.

एक सांगायचं राहतं. "मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून संरक्षण" असं खोक्यावर लिहून जास्त पैसे घेणारा माल वाढला आहे. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश उन्हाच्या तुलनेत नगण्य असतो. त्याच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. वांग असलेल्या बाईने मोबाइलची काळजी करण्यापेक्षा दुपारच्या स्कूटरवरच्या वीस मिनिटांची काळजी करावी.

स्टिक हा पूरक माल. नाक, कान, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती, हाताची पाठ यांना झकास. एकदा फिरवून काही होत नाही. एकाच जागेवरून चारदा मागेपुढे न्यावी लागते आणि मग बोटाने हलकं सारखं करावं लागतं. कंडक्टर, फिरते विक्रेते, क्रिकेटच्या मैदानावरची पोरं यांना दुपारी पुन्हा लावायला याहून सोयीचं काही नाही, हात धुवायची सोय नसली तरी चालतं. अख्ख्या चेहऱ्यासाठी मात्र रोज स्टिक पुरत नाही, मात्रा भरत नाही.

स्प्रेबद्दल थोडक्यात: चेहऱ्यासाठी घेऊ नका. वाऱ्यात निम्मा उडतो, श्वासात जातो आणि किती लागला ते कळत नाही. पावडरचं सनस्क्रीन तर पूर्ण मात्रेत लावायचं म्हटलं तर चेहरा पिठात बुडवावा लागेल. दुपारी चमक घालवायला ती ठीक, संरक्षण म्हणून धरू नये.

अंगासाठी मोठ्या बाटलीतलं लोशन घ्यावं, चेहऱ्याची महाग नळी हातांवर संपवू नये. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गाडी चालवणाऱ्याला कोपरापासून खाली दोन्ही हातांना मिळून जवळजवळ एक चहाचा चमचा लागतो. पाणी किंवा घाम सहन करणाऱ्या मालावर ४० किंवा ८० मिनिटं असं लिहिलेलं असतं. ती मिनिटं पाण्यात किंवा घामात किती वेळ टिकतं त्याची, दिवसभराची नव्हेत. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि टॉवेलने तोंड पुसलं की लगेच.

इथे कपड्याचा विषय येतो, आणि आमच्या मते या भागात कपडा नळीच्या वरचढ आहे. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीला, हळद शिजवून वाळत घालताना, उसाच्या फडात, बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात आणि डोक्याला, तोंडाला कापड गुंडाळतात. याहून चांगला बंदोबस्त कुठल्याही नळीने होणार नाही. आठ तास घामात असलेल्या माणसाला दर दोन तासांनी दोन बोटं लावायला सांगणं व्यवहाराला धरून नाही. त्यांच्यासाठी सल्ला एवढाच: शर्ट गडद आणि दाट विणीचा निवडा. पातळ पांढऱ्या सुती कापडातून बरंच यूव्ही पार होतं, आणि ते घामाने भिजून अंगाला चिकटलं की आणखी पार होतं. कापड हातावर ताणून सूर्याकडे धरा. पलीकडचा उजेड टिपक्या-टिपक्यांनी दिसला तर तेवढंच ऊन आतही येतंय. चेहऱ्याचा जो भाग उघडा राहतो, म्हणजे डोळ्यांखालचा पट्टा आणि नाक, तिथे टिंटेड किंवा स्टिक. हाताच्या पाठीला जुन्या मोज्याचे हातमोजेसुद्धा चालतात.

शहरात स्कूटरवर सनकोट आणि स्कार्फ ही आपली जुनी, चांगली सवय आहे. पण स्कार्फ बहुतेकींचा जॉर्जेटचा किंवा शिफॉनचा असतो. वरची उजेडाची परीक्षा केली तर तो चाळणीसारखा निघतो. दोन घड्या घातल्या तर सुधारतो, दाट सुती त्याहून बरा. आणखी एक गोष्ट घडते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. चेहऱ्यावर सनस्क्रीन लावल्या लावल्या स्कार्फ आवळून बांधला की गालावरचा आणि नाकावरचा थर कापडाला जातो. बाईला वाटतं दुहेरी संरक्षण झालं, प्रत्यक्षात ऑफिसात स्कार्फ सोडून ती खिडकीशी बसते तेव्हा गाल उघडे असतात. म्हणून लावल्यावर पंधरा मिनिटांनी स्कार्फ, आणि पोचल्यावर गालांवर पुन्हा एक बोट. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीबी अडतं पण यूव्हीए, म्हणजे कातडीत खोल जाणारे किरण, आत येतं, आणि डाग गडद करण्यात त्याचा वाटा असतो. चारचाकीच्या पुढच्या काचेत बहुतांश यूव्हीए अडतं, बाजूच्या काचेतून मात्र बरंच येतं. रोज पुणे-बेंगळुरू महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांचा उजवा गाल आणि उजवा हात यांकडे एकदा नीट बघा. हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच मात्र यूव्ही जवळपास सगळं अडवते, ती खाली ओढून चालवणं हा फुकटचा फायदा आहे.

गांधी टोपीला कडा नसते, कान आणि मानेची मागची बाजू उघडी राहते. ज्येष्ठांना सनस्क्रीन लावायला सांगितलं तर ते ऐकत नाहीत, पण "मामा, टोपीवरून पंचा घ्या, कान झाकून" हे ऐकतात.

नळीच्या मागे काय वाचायचं? पीएची खूण यूव्हीएसाठी आहे, जपानी पद्धत. चार अधिक म्हणजे सर्वांत वरची पायरी. आपल्याकडे तीन अधिकच्या खाली घेऊ नये, वांग असेल तर चारच. फक्त एसपीएफ लिहिलंय आणि यूव्हीएबद्दल चकार शब्द नाही, अशी नळी परत ठेवा. ॲव्होबेन्झोन हा यूव्हीएचा जुना, चांगला फिल्टर, पण उन्हात मोडतो. सोबत ऑक्टोक्रिलीनसारखा सांभाळणारा घटक असेल तर टिकतो, ऑक्टिनॉक्सेटबरोबर असेल तर आणखी लवकर मोडतो. बेमोट्रिझिनॉल दिसलं तर ते जमेची बाजू, ते उन्हात टिकतं. उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत तिन्ही छापील असावीत. आयात मालावर आयात करणाऱ्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. तो नसलेली, परदेशी अक्षरांची डबी बाजारात स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

काउंटरवर जास्त मागणी मात्र सनस्क्रीनला नसतेच. "काका, डाग जाऊन उजळ करणारी काहीतरी द्या की," असं म्हटलं जातं, आणि काही ठिकाणी पलीकडून पंधरा-वीस ग्रॅमची छोटी नळी सरकवली जाते. तिच्यात बहुधा मोमेटासोनसारखं स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन यांचं मिश्रण असतं. त्वचारोगतज्ज्ञ हे औषध वांगासाठी मोजके आठवडे, नजरेखाली देतात. सनस्क्रीनशिवाय, क्रीम समजून, वर्षानुवर्षं लावायची ती वस्तू नाही. पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर उजळतो, आणि फसगत इथेच होते. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, उन्हात आणि चुलीपुढे जळजळतं, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. बंद केलं की दोन-तीन दिवसांत चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, म्हणून बाई पुन्हा तीच नळी आणते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची अनेक स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नळीवर लाल पट्टी आणि आरएक्सची खूण असते, ती शोधा. महिनोन्महिने लावत असाल तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका, नळी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. उतरवण्याची रीत असते.

पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत मिळणारं "स्पेशल क्रीम" याहून धोक्याचं. पारा असलेली गोरेपणाची क्रीमं बाजारात येतात, पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीमांशी जोडलेले मूत्रपिंडाचे आजार समोर आले. लावणाऱ्याला पायावर सूज येईपर्यंत काही कळतही नाही. घटक आणि परवाना क्रमांक नसलेली डबी तोंडाला लावू नका, देणारी कितीही ओळखीची असली तरी.

घरगुती उपायांपैकी लिंबू तेवढं वगळा. लिंबाचा रस, विशेषतः सालीचा, त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड आणि नंतर काळे डाग पडू शकतात. खोबरेल तेल मॉइश्चरायझर म्हणून चांगलं, ऊन अडवायला त्याचा उपयोग नाही.

क्लिनिकमधल्या उपचारांचा सनस्क्रीनशी थेट संबंध आहे, म्हणून तेवढंच. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक पील असो, केस काढायचं लेझर असो, आपल्या रंगाच्या त्वचेला दाह झाला की ती काळा डाग टाकून उत्तर देते. म्हणून उपचाराआधी दोन-चार आठवडे सनस्क्रीनची सवय लावून घेणं, आणि नंतर खनिज प्रकार कडक पाळणं, हा उपचाराचाच भाग धरावा. यात्रा, लग्नाची धावपळ, शेतातला हंगाम तोंडावर असेल तर पील पुढे ढकला. लेझरआधी तीन-चार आठवडे वॅक्सिंग आणि थ्रेडिंग नको, कारण लेझरला मुळाशी केस लागतो. आदल्या दिवशी दाढीच्या पात्याने केस काढलेले चालतात. यंत्राबद्दल विचारा: गडद त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग सर्वांत सुरक्षित, डायोड जपून चालतं, आयपीएलने, म्हणजे लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत टाकणाऱ्या यंत्राने, भाजण्याचा धोका जास्त. हात लावणाऱ्याची पदवी विचारायला संकोच नको. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही पदविका आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असतो. वांगासाठी "सहा सिटिंगमध्ये कायमचं जाईल" असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. वांग काबूत राहतं, आणि लेझरने कधी पांढरे ठिपके पडतात किंवा ते उलटून गडद येतं.

डॉक्सिसायक्लिन, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनोइन किंवा रक्तदाबावरची हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी चालू असेल तर ऊन लवकर लागतं. सनस्क्रीन घेताना ते सांगा.

घरी आणल्यावर नळी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर टाकू नका. एप्रिलमध्ये डिकी इतकी तापते की आतलं मिश्रण फुटतं. झाकण उघडल्यावर आधी पातळ पाणी आणि मग रवाळ क्रीम येतं ती नळी गेली, हलवून पुन्हा एक होत नाही. उघडल्यावर किती महिने चालते ते उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेलं असतं.

पांढऱ्या कपड्यांच्या घरात आणखी एक तक्रार हमखास निघते: कॉलरवर पिवळट-तांबूस डाग. ॲव्होबेन्झोन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की गंजासारखा रंग धरतो, बोअरच्या पाण्याने धुणाऱ्यांकडे जास्त. लोक त्यावर ब्लीच ओततात आणि डाग आणखी पक्का होतो. कॉलर आधी भांडी घासायच्या साबणाने चोळा, मग लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी लावून अर्धा तास ठेवा आणि नंतर धुवा. पांढरा शर्ट रोज घालणाऱ्याने मानेला ॲव्होबेन्झोन नसलेलं झिंकचं सनस्क्रीन लावावं, कॉलर घालण्याआधी पंधरा मिनिटं.